अण्णांना किनवटपर्यंत कोणी नेलं

या ग्रुपवर लोक भुताखेतांचे जे अनुभव लिहितात ते मी दुपारचं जेवताना वाचते, आणि बरेचदा हसते. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं वाचून तुम्ही हसलात तर फिटंफाट.

आमच्या घरात भूतखेत हा विषयच नव्हता. आम्ही बौद्ध. बाहेरच्या खोलीत बावीस प्रतिज्ञांची फ्रेम, आणि त्या पाठ म्हणून दाखवल्याशिवाय रविवारची शेव मिळायची नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. आमचं लहानपण नांदेडजवळ विष्णुपुरीला, कॉलनीत गेलं. आसपासच्या कुठल्या गावात भानामती झाली असं कानावर आलं की अण्णा सुट्टीच्या दिवशी लूना काढून तिथं हजर. कपडे आपोआप पेटतात, ताटात बिब्बे पडतात... गाव जमलेलं असायचं. अण्णा त्या घरातल्या सुनेला नाहीतर पोरीला बाजूला घेऊन बसायचे आणि हळूच विचारायचे, "बाई, तुला इथं मारतात का?" बहुतेक वेळा भानामती तिथंच संपायची.

अशा माणसाची मी मुलगी. तर मी जे सांगतेय ते मला स्वतःलाच पटत नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

मी लातूरला असते. मुलींच्या एका खाजगी वसतिगृहात रेक्टर आहे. क्लाससाठी खेड्यापाड्यातून आलेल्या पोरी, त्यांची जेवणं, त्यांची रडारड, सगळं माझ्याकडं. माणूस कसं हरवतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मागं एकदा टेस्टचे मार्क लागले आणि आमची एक पोरगी भर दुपारी गेटातून निघून गेली. बसस्टँडवर सापडली. तोवर एका गोड बोलणाऱ्या बाईनं तिला पाणी पाजलं होतं, केसावरून हात फिरवला होता, आणि "पुण्याला चल माझ्यासंगं, कामाला लावते" म्हणून बसमध्ये चढवायचंच बाकी ठेवलं होतं. आम्हाला बघितल्याबरोबर बाई गर्दीत गडप. त्या दिवसापासून मला पक्कं माहीत आहे — माणूस गायब व्हायला चेटकीण लागत नाही. घरच्यांशी बिनसलेलं, बावरलेलं, एकटं माणूस कोणतं हे लांबून ओळखणारी नजर लागते. तसली नजर आपल्याकडं प्रत्येक स्टँडवर बसलेली असते.

आता अण्णांचं.

आई गेली आणि अण्णांचं विसरणं वाढत गेलं. आधी चष्मा, मग नावं, मग घरातलं बाथरूम. शुगर आधीपासूनच होती, आता डॉक्टर डिमेन्शिया म्हणाले. अण्णा माझ्या धाकट्या भावाकडं, संतोषकडं, नांदेडला तरोडा भागात असतात. संतोषनं त्यांच्या गळ्यात फोन नंबर लिहिलेलं कार्ड अडकवलं होतं. अण्णा ते काढून उशीखाली ठेवायचे. "मी काय ऑफिसात आहे का आता," म्हणायचे.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही असं ऊन. गॅसवाला सिलिंडर टाकून गेला आणि गेट उघडं राहिलं. माझी भावजय सुनीता गच्चीवर कुरडया उलटायला गेली होती. खाली आली तर अण्णांची खुर्ची रिकामी. चपला दारात तशाच. कवळी वाटीत. गळ्यातलं कार्ड उशीखाली.

तिचा फोन आला तेव्हा मी मेसमध्ये होते. हातातलं काम टाकून निघाले आणि मिळेल ती एसटी धरली. नांदेडला पोहोचेपर्यंत संतोषनं सगळं तरोडा पालथं घातलं होतं. आम्ही दोघं ठाण्यात गेलो.

तिथल्या हवालदारानं आधी आम्हा दोघांकडं नीट बघून घेतलं आणि विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?"

संतोष भडकला. "त्याचा काय संबंध?"

"साहेब, म्हातारे असेच जात नाहीत. लेकरांनी सही घेतली की जातात. रोजचं आहे आमचं."

पण तक्रार लिहून घेतली. संतोष सरकारी नोकरीत आहे, त्यानं त्याच्या साहेबांकडून फोन करवला होता. तेवढ्यावर सगळं झालं. फोटो, वर्णन, सगळं.

आमच्या शेजारीच बाकावर एक मुसलमान बाई बसली होती, बुरख्याची कड चुरगाळत. तिची सोळा वर्षांची पोरगी आदल्या दिवसापासून घरी आली नव्हती. ती आमच्याआधी आली होती. तिला हवालदार एवढंच विचारत होता, "किसके साथ गयी, वो बोलो." ती म्हणत होती, "साब, किसके साथ नहीं, शिलाई के क्लास को गयी थी." तो पुन्हा, "वोइच पूछ रहा, किसके साथ."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अहो, पोरगी अठराच्या आतली आहे. अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो तुम्हाला. मी वसतिगृह चालवते, मला माहीत आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा बाप शोधायचाय ना? तो शोधू द्या."

संतोषनं माझा दंड धरून मला बाहेर आणलं. त्या बाईचा नंबर मी जाताजाता घेतला. तिचं पुढं काय झालं ते नंतर सांगते.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडं कॅमेरा आहे. त्यानं फुटेज दाखवलं. अण्णा गेटातून आले, अनवाणी, पांढरा पायजमा आणि बनियनवर शर्ट. कोपऱ्यावर थांबले, जसं कुणाची वाट बघत उभं राहावं तसे. मग चालायला लागले. पुढं एक स्वीट मार्ट आहे, त्याच्याही कॅमेऱ्यात दिसले. आणि तिथं...

मी ते फुटेज किती वेळा बघितलं, विचारू नका. अण्णांचा डावा हात थोडा बाजूला, खाली धरलेला. बोटं वळलेली. आपण लहान पोराची मूठ धरून चालतो ना, तशी. तोंड डावीकडं, खाली वळवलेलं, आणि बोलतायत. मधेच हसले. शेजारी कुणी नाही. एका ठिकाणी मोटारसायकल आली तर त्यांनी त्या डाव्या हाताला आपल्याकडं ओढून घेतलं. कुणाला तरी गाडीखाली येण्यापासून वाचवावं, असं.

"भ्रम होतात ताई त्यांना," संतोष म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय ना."

मलाही तसंच वाटलं. खरंच तसंच वाटलं.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते ज्यांचं माणूस हरवलंय त्यांनाच कळेल. रेल्वे स्टेशन, गुरुद्वाऱ्याचा लंगर, सरकारी दवाखाना, घाटावरची झोपलेली माणसं. एकेकाच्या तोंडावरचं पांघरूण काढून बघायचं आणि माफी मागायची. घाटावर किती म्हातारी माणसं होती! एका आजोबांनी माझा हात धरून विचारलं, "मला न्यायला आलीस का?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "बरं, उद्या ये."

व्हॉट्सअपवर अण्णांचा फोटो सगळीकडं फिरत होता. एका नातेवाईकानं न वाचताच 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, त्याच्याखाली अजून आठ जणांनी हात जोडले. असो.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनवटहून एका ऑटोवाल्याचा फोन आला. "फोटोतले बाबा इथं स्टेशनाबाहेर बसून हायेत."

किनवट. नांदेडपासून रेल्वेनं तीनेक तास, जंगलात. अण्णांचं मूळ गाव त्याच तालुक्यात, पण तिथलं आमचं घर कधीच पडलं, आमच्यातलं कुणी जात-येत नाही. ज्या माणसाला हॉलमधून बाथरूमला जाता येत नाही तो गाडीत बसून किनवटला उतरला?

संतोषच्या मित्राची गाडी घेऊन आम्ही निघालो. वाटेत मी मनाची तयारी करत होते. भाजलेले तळपाय, उतरलेली नाहीतर भडकलेली शुगर, घाण झालेले कपडे. मे महिन्यात अनवाणी, बिनागोळीचा, बिनाकवळीचा म्हातारा. काय दिसणार अजून?

स्टेशनाबाहेर कडुलिंबाखाली एक चहाची टपरी आहे. अण्णा तिथल्या बाकावर बसले होते. केस ओले करून, तेल लावून, एका बाजूला भांग पाडलेला. शर्टाची बटणं नीट लावलेली. ती त्यांना वर्षभरात एकदाही नीट लावता आली नव्हती. तळपायांना हळद-तेल चोपडून जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. मी चिंधी सोडून बघितलं. फोड होते, पण बसलेले, सुकायला लागलेले.

मला बघून म्हणाले, "आलीस? बस. चहा घे."

टपरी चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, शेवंताबाई. मी त्यांचे पायच धरायला गेले. म्हटलं, "मावशी, तुम्ही माझ्या वडिलांना जपलं, तुमचे उपकार—"

त्या मागं सरकल्या. "मी कशाला वं माय? मी त फकस्त दूध देल्लं. त्या पोरीनं केलं समदं."

"कोणत्या पोरीनं?"

"बाबाच्या संग हुती ते. काल सकाळपासून हुती. भाकर दुधात कुस्करून चारून राहिली हुती बाबाले. दात न्हाईत म्हणे. मी म्हनलं नात असंल. पर लई नवल वाटलं मले."

"कामून?" संतोषनं विचारलं. तिथं गेल्यावर त्याची भाषा आपोआप तशी झाली होती.

"असंल वीस-बावीस वर्साची. अन् बाबाले 'दादा' म्हणून राहिली हुती. ए दादा, तोंड उघड. ए दादा, पाय इकडं कर. नातीनं कधी आज्याले दादा म्हनलं का?"

संतोष माझ्याकडं बघायला लागला. मी विचारलं, "दिसायला कशी होती?"

"ठेंगणी. केस कापलेले, पार बोडक्यावानी, कुनी कातरीनं कातरल्यासारके. मले वाटलं दवाखान्यातून आली काय की. अन् उजवा हात..." शेवंताबाईंनी स्वतःचा हात पुढं केला आणि बोटं मिटली. "जळलेला. बोटं एकमेकाले चिकटलेली. दूध घेयाले हात पुढं केला तवा दिसलं."

"आता कुठं आहे ती?"

"हे ऑटोवाले आले, बाबाचा फोटो दाखवला, मी मागं वळून पाह्यलं त न्हाई. म्हनलं पानी आनाले गेली असंल. मंग आलीच न्हाई."

ऑटोवाल्याला विचारलं. तो म्हणाला त्यानं बाबा एकटेच बसलेले बघितले. स्टेशनात विचारलं, कुणी नीट उत्तर दिलं नाही. सरकारी दवाखान्यात अण्णांची शुगर बघितली. नॉर्मल. घरी गोळ्या, इन्सुलिन घेऊन एवढी ताब्यात येत नाही.

गाडीत मी अण्णांना विचारलं, "अण्णा, तुमच्याबरोबर कोण होतं?"

"विमल होती ना," अण्णा म्हणाले. खिडकीबाहेर बघत, अगदी सहज. शेजारणीचं नाव सांगावं तसं.

विमल म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. आमची आत्या. ती लहानपणीच काविळीनं गेली, एवढंच आम्हाला माहीत. घरात तिचा फोटो नाही, पुण्यतिथी नाही. आईनं एकदा नाव घेतलं होतं तेव्हा अण्णा ताटावरून उठून गेले होते, हे मला त्या गाडीत आठवलं.

संतोषचं म्हणणं ठरलेलं. कुणीतरी मनोरुग्ण मुलगी असेल, स्टेशनावर राहणारी. तिला दया आली. अण्णांनी तिला विमल म्हणून हाक मारली असेल, तीही दादा म्हणाली. मला हे पटलं होतं. खोटं कशाला बोलू? पटवून घेतलं होतं. फक्त कॅमेऱ्यातला तो डावा हात मधेच आठवायचा.

जूनमध्ये वसतिगृहाला थोडी उसंत होती. अण्णांची चुलत बहीण, कौसाआत्या, अजून गावाकडंच असते. ऐंशीच्या घरातली, डोळ्यानं अधू, डोकं मात्र लख्ख. तिला भेटायला गेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आत्या, विमलआत्या कशानं गेली?"

"काविळीनं," ती पटकन म्हणाली. एवढ्या पटकन, की मला ते पाठ केल्यासारखं वाटलं. मग मी किनवटचं सगळं सांगितलं. जळलेला हात सांगितला तेव्हा कौसाआत्यानं तंबाखूची चंची गुंडाळून बाजूला ठेवली.

"कुनी सांगितलं तुला हाताचं?"

"टपरीवालीनं."

मग ती बोलली ते मी तसंच लिहिते, जमेल तेवढं.

"विमलला फिट यायची. चुलीफुडं बसली हुती भाकरी करत, तशीच आली फिट, अन् हात आरात गेला. तवा ती बारा-तेरा वर्साची. लोक म्हनायचे लागीर हाय. तुजा बाप लई भांडला लोकायसंग. नांदेडला नेऊन गोळ्या आनायचा. गोळ्यायनं गुण बी आला हुता. पर लगीन? हात असला, फिटचं नाव झालेलं. मंग एक बाई आली. तिकडून, तेलंगणाकडून. म्हनली, पोरगं हाय, हुंडा नगं, उलट आमीच खर्च करतो. तुज्या आज्याला वाटलं, बला टळली. फिटचं सांगितलंच न्हाई त्यायला. गोळ्या बी संग देल्ल्या न्हाईत, कळंल म्हनून. तुजा बाप तवा नांदेडला, नवीन नोकरी. त्याला लगीन झाल्यावर कळलं."

"मग?"

"मंग काय? चार-सा महिन्यानं गावातला एक जन सरकी इकायला आदिलाबादला गेला हुता. त्यानं पाह्यली. स्टँडावर. केस कापलेले, अंगावर धड कपडे न्हाईत. हाक मारली त वळखलं तिनं त्याला. म्हनली, दादाला सांगा मला न्यायला या."

मी विचारलं, "अण्णांना सांगितलं?"

"सांगितलं की. तुज्या आज्यानं म्हनलं, आता आनून कुठं ठिवता? गावात काय सांगायचं, कुठं हुती, कोनाकडं हुती? मेली म्हना. तुज्या बापाचं लगीन ठरलं हुतं तवा, तुज्या आईसंग. चांगलं घर, शिकलेली पोरगी. लोक बिथरले असते. तरी तुजा बाप निघाला हुता. मला म्हनला, अक्का, आनतोच मी तिला. किनवटला आला, आदिलाबादच्या गाडीत बसायला." कौसाआत्यानं पदरानं तोंड पुसलं. "अन् तिथून माघारी गेला. किनवटच्या ठेसनावरून. गाडी आली, गेली, हा बाकड्यावर बसून व्हता म्हने. मंग आम्ही समद्यायनं काविळ म्हनायला सुरुवात केली."

मी लातूरला परत आले ती कशी आले मला आठवत नाही. रस्ताभर एकच चालू होतं डोक्यात. गावोगाव लूनावरून फिरून परक्या पोरींना बाजूला घेऊन "तुला इथं मारतात का" विचारणारा माझा बाप! मला त्याचा केवढा अभिमान होता. शाळेत निबंध लिहिला होता मी त्याच्यावर.

आणि अण्णा हरवले तेव्हा आम्ही काय केलं? पोलीस, कॅमेरे, साहेबांचा फोन, हजारभर ग्रुपवर फोटो, मित्राची गाडी. विमलआत्यासाठी ठाण्याची पायरीसुद्धा कुणी चढलं नाही. ती हरवली नव्हतीच मुळी. कुठं आहे ते सगळ्यांना माहीत होतं. आदिलाबादच्या स्टँडवर! वाट बघत बसली होती. माणूस शोधायचं नसलं की ते हरवलं म्हणायचं, आणि तेही म्हणायची लाज वाटली तर मेलं म्हणायचं.

संतोषला सांगितलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, आता हे उकरू नको. प्रियाचं जमत आलंय. लोक विचारतील घरात फिटचा आजार आहे का."

प्रिया म्हणजे त्याची मुलगी. त्याला ऐकू आलं नसावं आपण काय बोललो ते. चांगला आहे तो, अण्णांचं सगळं करतो. आजोबाही चांगलेच असतील.

मी विमलआत्या हरवल्याची तक्रार द्यायला गेले. एकटीच, रजा टाकून. तिथला अधिकारी तरुण होता, हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "मॅडम, फोटो?" नाही. "हरवल्याची तारीख?" माहीत नाही. "नवऱ्याचं नाव, गाव?" कौसाआत्याला आठवत नाही. "तुम्ही त्यांना कधी पाहिलंय?" नाही, माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. त्यानं पेन खाली ठेवलं. "मग आता मी काय शोधू?" त्याचं काही चुकलं नाही. तो जन्मला नव्हता तेव्हा हे शोधायचं होतं. अर्ज ठेवून घेतला त्यानं. कुठल्या फाइलीत गेला असेल देव जाणे... देव म्हणायची मला सवय नाही, पण दुसरं काय म्हणू?

आदिलाबादलाही जाऊन आले. स्टँड नवा बांधलाय. जुन्या माणसांना विचारलं, मला तेलुगू येत नाही, त्यांना माझं बोलणं अर्धं कळत होतं. एक जण म्हणाला, अशा बायका खूप असायच्या, अजूनही असतात, मेल्या की नगरपालिकेची गाडी येते. बस्स.

ठाण्यातल्या त्या बाईचं सांगते म्हटलं होतं. तिची मुलगी अजून सापडलेली नाही. मी फोन करते अधूनमधून. गुन्हा शेवटी नोंदवला, पण बऱ्याच उशिरानं. ती म्हणते, "बाजी, घरवाले बोलते भूल जाओ. दूसरी लडकियों की शादी करनी है." माझ्याच घरातलं तिला काय सांगू?

अण्णांना मी एकदाच विचारलं. दिवाळीत. दुपारी ऊन घेत बसले होते, जरा शुद्धीत होते, मला नावानं हाक मारली होती.

"अण्णा, विमल तुम्हाला काय म्हणाली?"

ते हसले. "भाकर दिली."

"रागावली नाही?"

"नाही. कशाला रागावंल?" मग माझा हात हातात घेऊन त्याच्याकडं बघत राहिले, बोटं एकेक सुटी करून. "मी गेलो नाही ना... मग तीच आली."

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आता तर मलाही ओळखत नाहीत.

तुम्ही विचाराल, तुझं मत काय. माझं मत असं की अण्णा जुन्या वाटेनं गेले. मेंदूतलं सगळं पुसत गेलं आणि तेवढं एक स्टेशन उरलं. डॉक्टरही असंच म्हणाले. पण मेंदू तळपायाला हळद लावत नाही. शेवंताबाईंना मी पुन्हा भेटले. त्या शब्द बदलत नाहीत. जळलेला हात, कापलेले केस, दादा. त्यांना आमच्या घरातलं कुणी कधी काही सांगितलेलं असणं शक्य नाही, आमच्या घरात आम्हालाच कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या कुणी पितर, शांती वगैरे सुचवू नये ही विनंती. तिची शांती करायची वेळ तेव्हा होती.

मला राग येतो तो तिचाही येतो, खरं सांगते. कशाला आलीस? बसू द्यायचं होतं त्याला उन्हात. ज्याला न्यायला ये म्हणून निरोप धाडला आणि जो आला नाही, त्याचे पाय कसले धुतेस?

आणि एक गोष्ट सुटत नाही. ती त्यांना किनवटलाच घेऊन गेली. आदिलाबाद तिथून पुढंच आहे, त्याच गाडीनं. तिथं नेलं असतं तर तिच्यावर काय बेतलं, कुठं पडली, कुणी पुरली, काहीतरी आम्हाला कळलं असतं. नेलं नाही. तो जिथपर्यंत आला होता तिथपर्यंतच नेलं, बाकावर बसवलं, आणि त्याच्याजवळ बसून राहिली. पुढचं तिनं अण्णांना दाखवलंच नाही. की दाखवलं, आणि अण्णा तेही विसरले?